शंभर टक्के नुकसान

विमान नेमकं कुठे मोडेल हे आमच्या थोरल्या साडूंइतकं जाणणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही, आणि अशा माणसाला मी सलग चार महिने, दर रविवारी, त्यांच्याच घरात बसून, त्यांच्याच घरचे पोहे खाऊन फसवलेलं आहे. यातला पहिला भाग आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ आहे. दुसरा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी सहसा न विचारताच सगळं सांगून टाकतो.

थोरले साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला ‘धाकटे’ म्हणतात. माझं नाव त्यांना आठवत असेल याची मला खात्री नाही. विमानदुरुस्तीच्या एका वर्कशॉपात, पत्र्याच्या खात्यात, त्यांची सगळी नोकरी गेली. फाटलेला पत्रा कापायचा, नवा बसवायचा, रिव्हेट मारायचे. विमान उडवणं राहू द्या, विमानात बसायचा योगसुद्धा निवृत्तीनंतर एकदाच आला, लेकीने बंगळूरला नेलं तेव्हा. तेव्हाही खिडकीतून ढग बघायचे सोडून हे पंख बघत बसले, आणि उतरताना दारात नमस्कार करणाऱ्या मुलीला म्हणाले, “डाव्या पंखावर तिसऱ्या ओळीत एक रिव्हेट बदललेला आहे. चांगला बदललाय. ज्याने बदलला त्याला माझा निरोप सांगा.” ती मुलगी हो म्हणाली. दादांना आजही वाटतं, तिने तो निरोप पोचवला असणार.

जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ती शेवटी कशी मोडेल या दृष्टीने बघायचं, ही त्यांची सवय. बाजारात दुधी घेताना बोटाच्या पेराने असा टकटकवतात की भाजीवाली म्हणते, “बाबा, आतून कोन बोलनार नाय.” रिक्षात बसले की दोन मिनिटांत चालकाला सांगणार, तुझा सगळा भार उजव्या चाकावर येतोय, एक दिवस वळणावर बसशील. एकदा कोलशेतच्या वळणावर त्या बिचाऱ्याने रिक्षा बाजूला घेऊन विचारलं, “काका, उतरायचंय का तुम्हाला?” आमच्या पुतण्याच्या लग्नात, कल्याणला, यांनी मांडवात शिरताच वर बघितलं, एका खांबाकडे बोट दाखवलं आणि अकरा नातेवाइकांच्या खुर्च्या तिथून हलवल्या. नवरदेवाच्या मामांची जेवणाची पहिली पंगत चुकली. खांब काही पडला नाही. संध्याकाळी मांडव उतरवताना मी चिडवलं, तर शांतपणे म्हणाले, “मी आज पडेल असं कुठे म्हणालो? आज वारा नव्हता.”

अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर विमानयुद्धाचा खेळ दिला तो मीच. मी एका कार्यालयात संगणकांची देखभाल करतो, घरात बसून कंटाळा येतो असं दादा म्हणाले, म्हणून जॉयस्टिकसकट सगळं बसवून दिलं. जुन्या महायुद्धातली विमानं, दोघांनी समोरासमोर लढायचं. पहिल्याच रविवारी मी त्यांच्या विमानाला चार गोळ्या घातल्या, पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला त्रेसष्ट टक्के, आणि दादा जॉयस्टिक सोडून उभे राहिले.

“धाकटे, त्रेसष्ट टक्के विमान म्हणजे काय?”

“म्हणजे तेवढा जीव उरलाय, दादा.”

“जीव कुठला? गोळी लागली कुठे ते सांगा. पत्र्यातून आरपार गेली तर भोक पडेल, विमान घरी येईल. तीच गोळी पंखाच्या कण्याला लागली तर पुढच्या वळणाला पंख निघून जाईल. दोन्हीचे टक्के सारखेच? उद्या तुमच्या ताईंचा गुडघा गेला म्हणून त्या काय ऐंशी टक्के ताई झाल्या?”

आतून ताईंचा, म्हणजे दादांच्या बायकोचा, आवाज आला, “ऐंशी टक्क्यांत सगळं करतेय तुमचं. उरलेल्या विसांची काळजी नको.”

मग मी शोधून दुसरा खेळ आणला, ज्यात प्रत्येक भागाचं नुकसान वेगळं धरलेलं असतं: पंखाचा कणा वेगळा, टाकी वेगळी, शेपटीकडे जाणारी तार वेगळी. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी शहाडहून स्कूटर काढायची, भिवंडी मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडायचा आणि नऊच्या ठोक्याला बाळकुमला त्यांच्या चौदाव्या मजल्यावर हजर व्हायचं, हा नेम झाला. मागच्या खोलीत दोन टेबलं, पाठीला पाठ. आता माणसं खेळतात ती जिंकायला. दादा खेळायचे ते नीट पडायला. मी त्यांना पाडलं की ते लढाईचं चित्रण मागे नेऊन एकेका गोळीचा पंचनामा करायचे आणि एका लांबट वहीत बारीक अक्षरात लिहायचे: ‘डावा पंख, मुळाशी, कणा. योग्य.’ कधी मान वळवून म्हणायचे, “छान पाडलंत, धाकटे. पाण्याची नळी फोडलीत. इंजिन तापून बंद पडायला पाचेक मिनिटं लागायला हवीत, तेवढीच लागली.” बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा. जखम एकीकडे लागते आणि विमान दुसरीकडून जातं, हे त्यांचं आवडतं वाक्य. तेल गळत असतं आणि चालवणाऱ्याला पत्ता नसतो, हे दुसरं.

फोनवर या खेळाच्या शौकिनांचा एक गट आहे, ठाणे-डोंबिवलीकडचे साठेक जण. दादा त्यात वयाने सर्वांत मोठे. तिथे एक वाद कायमचा: नुकसान खरं असावं की खेळ समतोल असावा. तरुण मंडळी म्हणायची, अमुक विमान फार नाजूक आहे, त्याला जरा दणकट करा, नाहीतर ते घेणाऱ्यावर अन्याय होतो. दादा उत्तर लिहायचे, “ते विमान नाजूकच होतं. ज्यांनी ते चालवलं त्यांच्यावर अन्याय झालाच होता. तो पुसायचा अधिकार आपल्याला नाही.” यावर कुणीतरी नुसता अंगठा पाठवायचा. डोंबिवलीचा एक इंजिनियर तर काही अडलं की थेट विचारायचा, काका, हे खरं असं मोडेल का? दादांचा तो शब्द शेवटचा असे.

मग त्यांचे हात कापायला लागले. आधी चहाच्या कपात, मग सहीत, मग जॉयस्टिकवर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंपवात म्हणाले. विमान वर चढेपर्यंतच डोलायला लागायचं. मी टाळायला गेलो तरी ते आपणहून माझ्या गोळ्यांसमोर यायचे. दोन मिनिटांत खेळ आटपायचा. वहीत लिहायला काही उरेना. सलग तीन रविवार वही मिटलेलीच राहिली, तेव्हा स्वयंपाकघरात ताईंनी मला पोह्यांची बशी देताना हळूच म्हटलं, “तुम्ही येऊन गेलात की हे दोन दिवस नीट जेवत नाहीत. मला त्या विमानातलं काही कळत नाही हो. पण जरा जपून मारत जा.”

आता जे केलं ते सांगतो. दोघांनी एकत्र खेळायचं तर खेळाचे नियम एकाच संगणकात ठरतात. तो संगणक, म्हणजे होस्ट, माझ्या टेबलावरचा. त्यात नुकसानीची एक पट्टी असते, गोळीने किती टक्के मोडायचं ते ठरवणारी; ती आमच्याकडे कायम शंभरावर. पुढच्या रविवारी दादा चष्मा पुसत होते तेव्हा मी ती चाळिसावर आणली. बस, एवढंच. एक बोट हललं.

त्या दिवशी त्यांचं विमान पंखाला हातभर भोक घेऊन परत आलं आणि धावपट्टीवर वाकडंतिकडं का होईना, उतरलं. दादांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, कापू नयेत म्हणून, आणि हसले. ताईंनी शिरा केला. स्कूटरवरून परत येताना कशेळीच्या पुलावर मी गाणं म्हणत होतो, इतका मी स्वतःवर खूश होतो.

पण मी कुणाला फसवतोय हेच मी विसरलो. दुसऱ्या रविवारी ते पुन्हा परत आले, तिसऱ्या रविवारीही, आणि चौथ्या रविवारी त्यांनी वही उघडली. “धाकटे, या पंखाने मी परत यायला नको होतं.” मी म्हटलं, नशीब. ते म्हणाले, “पत्र्याला नशीब नसतं.” मग पुढचे तीन महिने लढाई बंद आणि तपासणी सुरू. मी एकाच जागी ठरावीक गोळ्या मारायच्या, त्यांनी मोजायचं. थरथरत्या अक्षरात पानंच्या पानं. त्यांच्यात जुना जोम आलेला, जेवण दुप्पट, ताई मला दारापर्यंत सोडायला येऊन आशीर्वाद द्यायच्याच बाकी होत्या. दर रविवारी वाटे, आज सांगू. दर रविवारी पोहे यायचे.

शेवटी त्यांनी चाळीस मुद्द्यांचं टिपण लिहिलं: खेळाच्या नव्या आवृत्तीत पंखाचा कणा बिघडवला आहे, समतोलाच्या नादात खरेपणा घालवला आहे. ते खेळ बनवणाऱ्यांना पाठवलं आणि गटातही टाकलं. मी समोर बसलेलो. डोंबिवलीच्या त्या इंजिनियरने आदराने लिहिलं, “काका, आमच्याकडे तर पंख बरोबर तुटतोय. तुमच्या होस्टची सेटिंग एकदा बघाल का?” दादांनी एकेक अक्षर शोधत, बराच वेळ लावून उत्तर लिहिलं, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं: “होस्ट माझे धाकटे साडू आहेत. त्यांच्या सेटिंगची खात्री मी देतो.”

“बरोबर ना?” ते म्हणाले.

मी मान हलवली.

पुढे जे व्हायचं ते झालं. दहाबारा जणांनी आपापल्या चाचण्या टाकल्या, सगळ्यांचे पंख तुटत होते. कुणी वाईट बोललं नाही. एकाने हसरा चेहरा टाकला, एकाने लिहिलं, काकांचं वय झालं आता, सांभाळून घ्या. दादांनी ते वाचलं, फोन उलटा ठेवला आणि आठवडाभरात गट सोडला, खेळही सोडला. टिपण टाकलं त्याच रविवारी निघण्यापूर्वी मी पट्टी पुन्हा शंभरावर नेली होती, चोराने उचललेली वस्तू गुपचूप जागेवर ठेवावी तशी.

तिथे थांबलं असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं. पण जखम एकीकडे लागते. गेल्या वर्षभरात दादा दुधी टकटकवत नाहीत, भाजीवाली देईल तो आणतात. रिक्षात गप्प बसतात. परवा कुकरची शिट्टी वेडीवाकडी वाजत होती, मी सहज विचारलं, काय झालं असेल, तर म्हणाले, “मला काय कळतंय आता. हाताबरोबर डोकंही गेलं माझं. तुमच्या ताईंना विचारा.” हे ज्याने अकरा खुर्च्या हलवल्या तो माणूस बोलत होता.

मागच्या रविवारी बऱ्याच दिवसांनी तेच म्हणाले, तुम्ही उडवा, मी नुसतं बघतो. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मी संगणकाच्या विमानाशी लढलो, आणि एका वळणावर माझ्या डाव्या पंखाच्या मुळाशी गोळ्या लागल्या. मी जॉयस्टिक ओढली. पंख कण्यातून सुटला, विमान गरगरत खाली गेलं.

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो कापत होता, म्हणून माझा खांदाही कापायला लागला. “आता बरोबर तुटला,” ते म्हणाले. “बघितलंत? दुरुस्त केला त्यांनी. वाचलं असणार कुणीतरी माझं टिपण.” आणि आत हाक मारून, “अहो, ऐकलंत का, सुधारलं त्यांनी.” ताई पदराला हात पुसत आल्या, म्हणाल्या, “मग? मी म्हणतच होते.” त्यानंतर ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि मला कुकरच्या झाकणावर टकटक ऐकू आली.

आता मी खरं बोललो तर तो आनंद जाईल, आणि नाही बोललो तर त्यांची नजर तेव्हाही अचूक होती, त्या साठ जणांपेक्षा अचूक होती, हे त्यांना कधीच कळणार नाही. चाळीस टक्क्यांवरचा पंख त्यांनी हात कापत असताना, केवळ बघून ओळखला होता. हा विचार मी आठवडाभर दोन्ही बाजूंनी केला. इथे लिहिणं म्हणजे त्यांना सांगणं नव्हे, हेही मला कळतं.

त्यांनी साठ माणसांसमोर माझी खात्री दिली होती, आणि ती खोटी ठरली हे त्यांना अजून माहीत नाही. ती पट्टी मी हलवली होती, हे मला त्यांना सांगायचं आहे. आधी त्यांच्यासमोर बसून, मग त्याच गटात, माझ्या नावाने. एवढं मी त्यांचं देणं लागतो.