चार महिन्यांचं रक्त

गायकवाड मॅडम वर्षाच्या पहिल्या तासाला हजेरी घ्यायच्या नाहीत. आत आल्या आल्या फर्मान सुटायचं, प्रत्येकाने आपल्या पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक चाचपून बघा. पिरंगुटजवळचं आमचं कॉलेज, निम्मी पोरं आसपासच्या खेड्यांतली, निम्मी आयटीवाल्यांची. सगळी लाजत लाजत हात मागे न्यायची. "लागलं हाड? तिथे शेपूट होती. गेली. आता माज कशाचा करताय?" असं म्हणून त्या खडू उचलायच्या. मला तर त्या दिवशी ही बाई मुळीच आवडली नव्हती.

मॅडम भरे गावच्या, बौद्ध घरातल्या. लग्न केलं नव्हतं, भावाच्या कुटुंबात राहायच्या. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायच्या, पण मनापासून काही सांगायचं झालं की गावची बोली यायची. मानवी शरीराचं त्यांना अपार कौतुक, पण भक्तिभाव अजिबात नाही. "हे काय कुणी आखून बनवल्यालं न्हाई. दुरुस्त करत करत हितवर आणलेली यष्टी हाय. म्हणून तर घासाची वाट आन् श्वासाची वाट एकमेकींना आडवी जाते. ठसका लागला की उत्क्रांती आठवायची," असं त्या म्हणायच्या. प्रयोगशाळेत मात्र थट्टा बंद. डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं, मनातलं लिहिलं की वही परत.

रक्तगटाच्या प्रयोगाला त्यांचा एक वेगळाच नियम होता. घरच्यांचे गट विचारायचे नाहीत. बोट तुमचं, रक्त तुमचं, तेवढंच बघा. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि मी पडले आगाऊ. ताम्हिणीच्या रस्त्यावर आमचा छोटा ढाबा. आईबाबांनी गावातल्या शिबिरात रक्त दिलेलं आणि दोघांचाही गट ओ निघालेला, तेव्हापासून बाबा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे की आमचं घर समदं ओ हाय. माझ्या काचपट्टीवर बी गट आला. मी भर वर्गात म्हणाले, मॅडम, हे चुकलंय, आमच्या घरात सगळे ओ आहेत.

मॅडम काचपट्टी पुसत म्हणाल्या, रसायन जुनं झालंय. पण बाकी सगळ्यांचं त्याच बाटलीतून बरोबर आलं होतं. पुढच्या आठवड्यात आनुवंशिकता शिकवताना फळ्यावर तक्ता आला, दोन ओंच्या पोटी फक्त ओ. मी तो दोनदा वाचला. तास संपल्यावर मी त्यांच्यामागे गेले आणि एकच विचारलं, ते माझे आईबाबा नाहीत का?

त्या म्हणाल्या, "रसायनाचं मी खोटं बोलले. बाकीचं मला ठाऊक नाही. क्वचित वेगळंही घडतं. आणि घडलं नसेल, तर ते सांगायचा हक्क तुझ्या आईचा. मी येते सोबत."

रविवारी खरंच आल्या, एसटीने. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मॅडम तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या आणि हळूच म्हणाल्या की पोरीला समजलंय, आता तुम्हीच सांगा. आईचे हात पिठातच राहिले. मग तिने सांगितलं. मी तिच्या धाकट्या बहिणीची. मावशी बाळंतपणात गेली, पंधरा दिवसांची मी आईच्या पदरात आले, आणि पुढे बापाने दुसरं लग्न केलं. एवढं बोलून आई रडायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती, मॅडमकडे बघत होती ती. "आता ही माझी कशी राहील, बाई? माझ्या रक्ताचा एक थेंब न्हाई तिच्यात."

"कोण म्हणतंय?" मॅडम म्हणाल्या. "रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिने जगत्यात. मग मरत्यात, नव्या व्हत्यात. जन्माच्या टायमाची एक बी उरली न्हाई. आज हिच्या अंगात जे रक्त हाय, ते समदं तुमच्या भाकरीवर झालंय."

आईने डोळे पुसले. "खरं सांगताय, का मला बरं वाटावं म्हणून?"

"परीक्षेत दोन मार्कांला येतं."

रसायनाचा प्रकार ताजा होता, म्हणून मी रात्री पुस्तक उघडून खात्री केली. खरंच होतं. मग चुलीपाशी जाऊन आईला चिकटून बसले. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मॅडम पुढे ढाब्यावर येतच राहिल्या. गेल्या वर्षी आजारी पडल्या, तेव्हा त्यांना आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं जाईना. मी आता मारुंजीला एका लॅबमध्ये रक्तच तपासते. सकाळी कामावर जाताना आईने बांधून दिलेली भाकरी वाटेत भऱ्याला पोचवायची, असं सहा-सात महिने चाललं. मग एक दिवस त्या गेल्या.

त्यांच्या घरी बुद्धवंदना होती. आमच्याकडची रीत वेगळी, आपण कुठे बसायचं ते मला कळेना. आई मात्र सरळ पुढे गेली आणि घरच्या बायकांमध्ये जाऊन बसली. कुणीतरी हळूच विचारलं, तुम्ही मॅडमच्या कोण?

आई म्हणाली, "रक्ताची."