आईने शेगडी पेटवली नाही

माझी आई, तुळजाबाई. आमच्या मांजरी गावात कुणाकडे बाळ झालं की न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं येतं. पैसे घेत नाही, सल्ले मात्र भरपूर देते. बाळ पायांवर घ्यायचं, तेलाने छाती-पाठ चोळून काढायची आणि शेवटी शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायची, ही तिची रीत. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता उसाच्या ट्रॉल्यांना कट मारत मोटारसायकली उडवतात, हे ती फार अभिमानाने सांगते.

माझं पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. शेगडी माळ्यावरून खाली आली होती, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. मग पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या फुप्फुसात गाठीसारखं काही दिसलं. तेवढा भाग नीट घडलेलाच नाही, असं डॉक्टर म्हणाले. अशी पुष्कळ बाळं ठणठणीत रडत येतात, काहींना पहिल्याच श्वासाला मदत लागते. आपलं बाळ कसं येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांचे सर्जन जिथे असतील तिथेच बाळंतपण करायचं, आणि शेवटचे आठवडे जवळच राहायचं.

ते ऐकून आई माझ्यावरच रागावली. "गावात दवाखाना हाय, मी हाय, अजून काय पायजे?" एवढं बोलून ती भांडी घासायला बसली आणि घासलेलीच परत घासत राहिली. मला भयंकर राग आला. मी इथे भीतीने अर्धी झालेय आणि हिला स्वतःचा मान पडलाय, असं वाटलं.

पुढच्या तपासणीला मी तिला मुद्दाम नेलं. तिने डॉक्टरांना फक्त धुरीचं विचारलं. या बाळाला कसलाही धूर नको, छाती दाबून चोळणंही नको, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. परतताना हडपसरच्या गर्दीत आमची रिक्षा अडकली. शेजारी एक ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत जागच्या जागी उभी होती. आई तिच्याकडेच बघत राहिली. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने आप्पांना, माझ्या वडिलांना, सांगितलं, "त्या दवाखान्याजवळ खोली बघा. हिचं माहेर तिकडं न्यायचं."

खोली नारायण पेठेत मिळाली. गेट रात्री दहाला बंद होतं, तेव्हा बाळाला तशी कल्पना द्यावी, असं घरमालक श्रीनिवासराव म्हणाले. आईला हसू आलं नाही. बाळ पोटात हललं तरी ती घाबरायची, नाही हललं तरी घाबरायची.

मुलगी झाली. रडली, पण बारीक. मला नीट दिसायच्या आत डॉक्टर तिला घेऊन गेले. काही दिवस ऑक्सिजन लागला, मग आम्ही मांजरीला आलो. काही महिन्यांनी स्कॅन आहे, त्यानंतर बहुधा ऑपरेशन.

घरी पहिल्या अंघोळीला आईने शेगडी पेटवली नाही. पाय पसरून बसली, नात पायांवर घेतली, हाताला तेल लावलं. हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच अडला.

"तनू, तू घाल. मी पाणी ओतते."

अख्ख्या गावाची पोरं चोळणारी माझी आई. माझ्याइतकीच ती घाबरली होती, पहिल्या दिवसापासून, आणि मी त्याला मान म्हणत होते. मी तिचा हात धरला आणि मुलीच्या छातीवर नुसता टेकवला. आईने तो दाबला नाही, उचललाही नाही.

"घेतीय गं श्वास," ती हळूच म्हणाली.