आधी पितळ

गार्डसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभी हयात गेल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचे गार्डसाहेब' असंच म्हणायची. निवृत्तीनंतर हे गृहस्थ स्वस्थ बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि ते बसलेही नाहीत. जुन्या मालधक्क्याच्या शेडमध्ये रेल्वेचं छोटंसं संग्रहालय निघालं, तेव्हा साहेब तिथे स्वयंसेवकांचे प्रमुख झाले. पगार शून्य, रुबाब मात्र स्टेशनमास्तरचा.

माणसं गोळा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. न्हाव्याकडे, दवाखान्याच्या बाकावर, दुकानाच्या रांगेत, दिसेल त्याला ते गाठायचे. "रविवारी काय करता? झोपा काढता? या की आमच्याकडे, वाफेचं इंजिन दाखवतो!" माणूस यायचा, इंजिन पाहून हरखायचा. मग साहेब त्याच्या हातात फडकं ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी पितळ."

म्हणजे वर्षभर दिवे, घंटा, कठडे आणि नळ घासून लख्ख करायचे; इंजिनाच्या दुसऱ्या कशालाही बोट लावायचं नाही. साहेब स्वतः असेच शिकले होते. एका नर्सबाईंना बॉयलर कसा चालतो ते शिकायचं होतं. एक शिंपी डब्यातल्या फाटक्या गाद्या शिवायला सुईदोरा खिशात घालूनच आला होता बिचारा. दोघांनाही पितळ! दोघंही हळूहळू दिसेनाशी झाली. बायकोही सुरुवातीला यायची. घरच्या माणसाला कशाला पितळ, म्हणून साहेबांनी मोठ्या मनाने तिला चहाचं बघायला सांगितलं होतं.

"लोकांना चिकाटीच राहिली नाही," साहेब म्हणायचे. ऐकायला शेवटी फक्त चौकीदार उरला होता.

आणि एके दिवशी व्यवस्थापक बाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "साहेब, इंजिन चालवायला माणसं लागतात. आपल्याकडे ती टिकत नाहीत. समितीचं म्हणणं आहे की इंजिन नदीपलीकडच्या संग्रहालयाला देऊन टाकावं. तिथे आता जागा पुरत नाही, इतके लोक येतात."

त्या इंजिनाचा एकेक पाइप साहेबांनी पोटच्या पोरासारखा जपला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नदीपलीकडे असं काय वाटतात लोकांना? फुकट जेवण? रविवारी बायको नेहमीप्रमाणे बहिणीकडे गेली, आणि साहेबांनी पहिल्यांदाच शेडला दांडी मारून नदीपलीकडची बस धरली.

तिथल्या शेडच्या दारातच त्यांचे पाय थबकले. डब्याच्या खिडकीतून शिंपी गादी बाहेर काढत होता. पलीकडे चेहऱ्याला काजळी लावून नर्सबाई बॉयलरच्या तोंडाशी बसल्या होत्या आणि कुणाला तरी हसत हसत काहीतरी समजावत होत्या. ज्यांना साहेबांनी बिनचिकाटीचे ठरवलं होतं, ते सगळे घामाघूम होऊन राबत होते! साहेबांचे डोळे कपाळात गेले. पण खरा दणका पुढेच होता.

एका हिरव्या डब्याला शिडी लावलेली होती. शिडीवर पाठमोरी एक बाई पिवळ्या रंगाने मोठमोठी अक्षरं काढत होती. पावलं ऐकून ती मागे न बघताच म्हणाली, "या, या! नवीन ना? काय करायला आवडेल तुम्हाला?"

आवाज घरचा होता.

साहेबांनी शिडीचा पाय घट्ट धरला. ती वळली. ब्रश तसाच हवेत राहिला.

"अहो! तुम्ही?"

"तू... तू तर बहिणीकडे..."

"ती काय तिथे, खिळे ठोकतेय. दर रविवारी बहिणीकडेच येते की मी. तिच्याकडे रंगकाम चालू आहे, हेही सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं खरं. तिच्या नखांतला हिरवा रंग साहेबांनी पाहिलाही होता, आणि कसलं घर हे, रंगवून संपत कसं नाही, म्हणून मेहुणीला मनात नावंही ठेवली होती.

"पण मग आमच्याकडचा चहा?"

"चौकीदार करतो. मी दोन महिने कपबशा विसळल्या आणि सोडलं. तुम्हाला कळलंच नाही?"

नव्हतं कळलं. कोण कोण सोडून गेलं ते साहेब उठता-बसता बोलून दाखवायचे, शिव्या घालायचे. त्यांत बायको कधीच नव्हती. साहेबांना स्वतःची भयंकर लाज वाटली. संसार केला इतकी वर्षं, पण या बाईची अक्षरं इतकी देखणी आहेत हे त्यांना आज, शिडीखाली उभं राहून कळत होतं.

"माझं इंजिन नेतायत गं इकडे," ते कसंबसं म्हणाले. घरी आठवडाभर गिळून ठेवलेलं असं बाहेर आलं.

ती खाली उतरली. "माहीत आहे. मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल." मग जरा थांबून म्हणाली, "येऊ दे की. इथे निदान चालेल तरी. तिकडे नुसतं चकाकतंय. आणि तुम्हीही या त्याच्याबरोबर."

"मी? इथे येऊन काय करू?"

"तेच विचारलं मघाशी. इथे सगळ्यांना विचारतात. काय करायला आवडेल तुम्हाला?"

गार्डसाहेबांनी शिडीचा पाय सोडला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. शिंपी, नर्सबाई, मेहुणी, सगळे हातातलं काम थांबवून बघत होते. साहेबांनी खिशात हात घातला. तिथे नेहमीचं फडकं होतं.

"पितळ," ते खाली बघत म्हणाले. "मला खरंच आवडतं गं ते. मला वाटायचं, सगळ्यांनाच आवडत असेल."

कुणी हसलं नाही. बायकोने कोपऱ्यातल्या काळ्या पडलेल्या घंटेकडे ब्रशने खूण केली आणि ती पुन्हा शिडी चढली.