रांगोळीवर पाय

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण ही फजिती सांगताना मला अजून घाम फुटतो.

आमच्या शेजारची मुग्धा इंदूरला डिझाइन शिकते. मध्ये महिनाभर ती देवासच्या आमच्या गल्लीत वही घेऊन फिरत होती. कोण सडा घालतं, कोण रांगोळी काढतं, कोण येऊन त्यात चुका काढतं (ती मीच), सगळं टिपत होती. शेजारी काय चाललंय ते मला कळायला नको? विचारलं.

"काकू, माणूस अकेला कुछ नहीं करता," ती म्हणाली. "हातात साधन असतं, मनात हेतू असतो, आजूबाजूला लोक असतात, त्यांचे नियम असतात. ते सगळं बघून मी असं चित्र बनवणार, जे माणसांशी खेळेल."

कसं खेळेल, तेही तिने सांगितलं. पण तेवढ्यात समोरच्या घरापुढे कुणाची तरी गाडी थांबली आणि माझं लक्ष तिकडे गेलं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक इंदूरहून आमच्याकडेच येणार होते. पास-नापास सगळं या चित्रावरच. आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये पडदे ओढून अंधार केलेला, आणि छताला टांगलेल्या यंत्रातून दाराशी उजेडाची रांगोळी पडलेली. नुसते ठिपके, पण सुबक. मुग्धा पार मागे कॉम्प्युटरपाशी. मी दारात, लोकांना आत घ्यायला.

पहिलेच आलेले परीक्षक सर त्यावर पाय टाकणार, तोच मी हात आडवा घातला. "भिया, रंगोली है. साइड से निकलो."

बिचारे भिंतीला पाठ घासत गेले. मागच्या परीक्षक मॅडमही साडी सावरत तशाच गेल्या. मग गल्लीतले वीस-पंचवीस जण. एकाचाही पाय लागू दिला नाही मी.

अर्धा तास झाला, ठिपके होते तिथेच. मुग्धा वायरी काढतेय, लावतेय, चेहरा पांढराफटक. सर म्हणाले, "बेटा, नहीं चल रहा तो फेल लिखना पड़ेगा."

मी धीर द्यायला धावले. "रडू नकोस गं. बघ, किती जपलीय तुझी रांगोळी. कुणाला पाय देऊ दिला नाही."

"काकू, पाँव ही तो रखना है. पाय पडला की ती फुलते. सांगितलं होतं ना मी?"

आता मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. "महिनाभर गल्लीत बसलीस. रांगोळीवर पाय देताना कुणाला पाहिलंस? हा नियम नाही लिहिलास वहीत?"

मुग्धाने वही उघडली, चाळली, बंद केली. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "बात तो सही है इनकी."

पण आता पाय ठेवणार कोण? माझ्या धाकाने कुणी हलेना. सगळे माझ्याकडेच बघायला लागले. शेवटी मी चपला काढल्या, रांगोळीला नमस्कार केला आणि डोळे मिटून पाय टाकला.

उघडून बघते तर पायाखाली कमळ! दुसरा पाय टाकला, तिथे मोर. गिरकी घेतली, तर भोवती वेलच वेल. मुग्धाच्या जिवात जीव आला. मी आणखी एक गिरकी घेतली. मग आणखी एक.

किती वेळ गेला कोण जाणे. बघते तर सर बूट हातात घेऊन उभे, मागे अख्खी गल्ली रांगेत.

"बहनजी," ते म्हणाले, "नंबर हमको देने हैं. आप उतरोगी तो देंगे ना."

मुग्धा चांगल्या नंबरांनी पास झाली. मला मात्र दोघांनी हाताला धरून उतरवलं, असं गल्लीत सांगतात. साफ खोटं आहे. तिघं होते.