घरची ऊब जात नाही

पुण्यात मामांना सांगितलं, "मी पानिपतात धंदा करतोय," तर मामा पोट धरून हसले. "अरे, दुसरं गाव नाही मिळालं तुला? आपल्या माणसांचं तिथे काय झालं ते शाळेत शिकवलं होतं ना?" मामांची चेष्टेची खोड मला ठाऊक होती, तरी राग आलाच. मी काही लढायला गेलो नव्हतो. पानिपतच्या गिरण्यांत जाड, स्वस्त ब्लँकेटं होतात आणि युद्धातून पळालेल्या माणसांना ती लागतात. माझा धंदा एवढाच होता.

उदारीकरणाचे ते नवे दिवस होते आणि जो तो नोकरी सोडून काहीतरी सुरू करत होता. मीही सोडली. बायको केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर तिच्या नावावर होतं, आणि बायकोच्या क्वार्टरमध्ये राहणारा उद्योगपती मला काही शोभेना. म्हणून गुडगावात फ्लॅट घेतला. बिल्डरच्या रंगीत कागदावर पोहण्याचा तलाव होता. प्रत्यक्षात तिथे खड्डा होता, त्यात मुलं क्रिकेट खेळत. पाणी टँकरने येई आणि फाटकापाशी नीलगाय. बायको पहाटे उठून डबे भरायची, चार्टर्ड बसने दिल्ली गाठायची आणि मला म्हणायची, "तुमच्या रुबाबापायी माझे रोजचे दोन तास बसमध्ये जातात."

हे ऐकायला मी घरी असायचोच कुठे? माझा मुक्काम परदेशात, दुशांबेला. तिथे यादवी चालू होती आणि एका मदतसंस्थेला मी माल पुरवत होतो. दुशांबे म्हणजे तिथल्या लोकांच्या फारसीत सोमवार. बायको म्हणे, "बरोबर आहे, तुमचा कायमचाच सोमवार."

ट्रकबरोबर फिरताना नाक्यानाक्यावर थांबावं लागे. कधी तासभर, कधी अर्धा दिवस. लांब कुठेतरी गोळीबार चाललेला असला की मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागे कविता लिहायचो. एकदा एका बंदूकवाल्याने कागद ओढून घेतला. मराठी म्हटल्यावर त्याला काही कळेना, म्हणून मला मोठ्याने वाचायला लावलं. 'दरवाजा' आला, त्याने मान डोलावली. 'बाग' आला, तर त्याने बाकीच्यांनाही बोलावलं. आमच्या भाषेत त्यांचे इतके शब्द आहेत हे कळल्यावर आमचा ट्रक सगळ्यांच्या आधी सुटला. पुण्यात माझ्या कवितेला इतकी दाद कधी मिळाली नव्हती.

संस्थेच्या कचेरीतून आठवड्याला एक पान फॅक्स करायची मला मुभा होती. वरच्या अर्ध्यात पानिपतची ऑर्डर, खालच्या अर्ध्यात घरच्यांसाठी कविता. आमची अकरा वर्षांची लेक शाळेतून आली की मशीनमधून कागद फाडायची आणि गिरणीवाल्या लालाजींना फोनवर ऑर्डर वाचून दाखवायची. घराला ती 'हेड ऑफिस' म्हणे. कविता संध्याकाळी आईच्या हातात पडे.

त्या हिवाळ्यात संस्थेने आणखी तीन वर्षांचा करार पुढे केला. मी सही करणारच होतो. त्या शनिवारी कवितेत लिहिलं:

इतक्या दूर आलो
तरी घरची ऊब जात नाही.
डोळे मिटले की
तुम्हा दोघींचीच ऊब येते.

चार दिवसांनी कचेरीत लेकीचा फॅक्स आला: "बाबा, तुला ऊब आली असेल तर येऊ नको. आम्ही बिल्कुल ठीक आहोत." मी चार वेळा वाचला. अर्थ लागला नाही, पण अर्थ लागत नाही म्हणजे पोरगी कविता करायला लागली असं मला वाटलं. माझ्याच वळणावर गेली! मी सगळ्या कचेरीला तो कागद अभिमानाने दाखवला.

मग लालाजींना फोन लावला. ऑर्डर त्यांना मिळालीच नव्हती. नवल वाटलं, पण डोक्यात दुसरंच घोळत होतं. म्हटलं, आता ब्लँकेटला आपलं नाव देऊ, लेबलवर नागरीत छापा: ऊब.

लालाजी अगदी अदबीने म्हणाले, "साहब, कंबल तो अच्छा है। इसका नाम बोरियत क्यों रख रहे हो?"

माझं पानिपत झालं ते तिथे, टेलिफोनवर.

दिल्लीत वाढलेली पोर. तिच्यासाठी ऊब म्हणजे कंटाळा. बाप लिहितोय की इतक्या लांब पळून आलो तरी घरचा कंटाळा जात नाही, डोळे मिटले की तुम्हा दोघींचाच येतो. आईला हे कळू नये म्हणून तिने ऑर्डरसकट कागद लपवला होता. मी लगेच घरी फोन लावला. तिने उचलला, "आई ऑफिसात आहे" म्हणाली आणि ठेवून दिला. लाइन कटली नव्हती.

मिळेल त्या विमानाने आठवड्याच्या आत घरी पोचलो. तिने भूगोलाच्या वहीतून फॅक्स काढून माझ्यासमोर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बंदूकवाल्यांपुढे जीभ चालली होती, इथे चालेना. म्हटलं, ऊब म्हणजे ते हे... रजईत असतं ते... गर्माहट!

"मग गर्माहट लिहायचं ना, यार बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही.

बायको ऑफिसातून आली, सगळं ऐकलं आणि हसत हसत चपलांच्या मांडणीवरच बसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "अहो, तीन-तीन महिन्यांनी उगवता तुम्ही. तिने हे शब्द शिकायचे कुणाकडून?"

सुट्टी संपली आणि मी परत गेलो. करार टेबलावर तसाच पडला होता. सही करायला पेन उघडलं तर कारकून लेकीचा फॅक्स घेऊन आला:

"ऑर्डर लालाजींना सांगितली. बाबा, तू नाहीस तर घरात खूप ऊब आहे. हिंदीवाली. मराठीवाली घेऊन ये."

त्याच पेनने मी फॅक्सच्या खाली लिहिलं, "येतो. कायमचा." त्या आठवड्यात कविता केली नाही.