यमाजीचा गुडघा आणि डांगी बैल

धसईकडच्या यमाजीसमोर बैल आणला की तो आधी त्याची चाल बघायचा. शिंगं, वशिंड मागाहून. पंचक्रोशीतले लोक त्याच्या शब्दावर बैल घ्यायचे. पण चौसष्ट साली म्हशाची, गुरांच्या बाजाराची यात्रा आली तेव्हा धाकटा भाऊ धोंडी म्हणाला, "दादा, औंदा तू घरी ऱ्हा. बैल मीच बघतो."

यमाजीला ते फार लागलं. दोन वर्षं तो डावा पाय ओढत चालत होता आणि उजवा गुडघा असा ठणकायचा की उंबरा ओलांडताना डोळ्यांत पाणी यायचं. निर्गुडीचा शेक झाला, बिब्बा झाला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंचा आजार, बरा न होणारा. "गुडघ्याचा दोष नाही. डावा पाय काम करत नाही, त्याचं ओझं हा वाहतो." यमाजी नाव विसरला, हे मात्र विसरला नाही.

आणि घरी राहील तो यमाजी कसला? बायकोला, सुंदराला, म्हणाला, "गाडीत गवत पसर," आणि बसला चढून.

यात्रेत गोमा नावाच्या माणसाकडे डांगी जातीचा एक तरणा बैल होता. देखणा, पण उजवा पुढचा गुडघा टम्म सुजलेला. गिऱ्हाईकं बघून पुढे जात होती. धोंडीही म्हणाला, "गुडघ्यात गेलाय. चल."

"जरा चालव रे त्याला," यमाजी गोमाला म्हणाला.

बैल चालला आणि यमाजी पुढे वाकून बघू लागला. डावा पुढचा खूर टेकताना बैल कचरत होता आणि सगळं अंग उजव्यावर टाकत होता. ही तर त्याची स्वतःची चाल!

"धोंड्या, डावा खूर उचल."

"सूज उजवीकडं हाय, दादा."

"मी सांगतो तो उचल."

खुराच्या बेचक्यात बाभळीचा मोडका काटा रुतला होता. धोंडीने तो उपसला. बैलाने पाय भीतभीत टेकला, मग पुरता टेकला. यमाजीला आनंदाने हसू आवरेना.

धोंडी त्याच्या कानाशी लागला, "सौदा झाल्यावर काढायचा ना! आता ह्यो भाव वाढवल."

"तवर त्यानं कशाला सोसायचं?"

गोमाने ते ऐकलं. भाव वाढवला नाही. सांगितला होता त्याच भावात कासरा यमाजीच्या हातात दिला.

परतताना बैल गाडीमागून चालत होता. यमाजीचा गुडघा ठणकत होताच. त्याच्यात उपसायला काटा नव्हता. तरी तो सारखा मागे वळून बैलाचे पाय बघत होता, लग्नघरच्या माणसासारखा खूश.

गाडी हाकता हाकता, मागे न बघताच धोंडी म्हणाला, "पुढल्या वर्षी गाडीत गवत मी पसरीन, दादा."