लाल दिसलेलं रान

सोजरबाई रोज उजाडताच रानात जायची, बांधालगतच्या पहिल्या कांद्याच्या पातीवरून बोट फिरवायची आणि ते आपल्या पांढऱ्या लुगड्याला पुसायची. काळा ओरखडा उठायचाच. न्हावऱ्याच्या रस्त्याला तिचं एवढंच वावर, आणि त्याच्या उगवतीला पोपटरावांची वीटभट्टी. पातीचे शेंडे वाळत, कांदा लिंबाएवढाच राही.

तिनं चावडीवर तक्रार केली तेव्हा पोपटराव पान जुळवत म्हणाले, "करपा पडलाय. बौद्धवाड्याला जमीन मिळाली, पर शेती कोण शिकिवनार?"

चारजण हसले.

"शेती मला येती, आप्पा. धूर तुमचा हाय."

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात पिकांच्या पाहणीचं विमान येणार असं कळलं. पोपटरावांनी भट्टी विझवली. विमान धुराचे फोटो काढणार, अशी त्यांची समजूत. विमान घिरट्या घालून गेलं आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा पेटली.

पुढं पाहणीचे साहेब फोटो घेऊन चावडीवर आले. फोटोत रानं लालभडक, पोपटरावांचा ऊस सगळ्यांत लाल. सोजरबाईचं वावर मात्र फिकट, राखेसारखं. पोपटरावांनी फोटो ओढून घेतला.

"बघा. जळालाय तो माझा ऊस. हिचं रान थंडगार. लाल तेवढं धुरानं गेलेलं, लिहा सायेब."

"तसं लिहिता येणार नाही," साहेब म्हणाले. "या फिल्मवर निरोगी पीक लाल येतं. बाधलेलं फिकं पडतं. आणि करपा रोग असा एका जागेपासून निघून पसरत नाही. हा पट्टा बघा, भट्टीपाशी अरुंद, पुढं सुपासारखा पसरलेला."

आता कुणी हसलं नाही. सोजरबाईही नाही.

तालुक्याचा हुकूम आला, भट्टी ओढ्यापलीकडच्या माळावर गेली. त्याच आठवड्यात पोपटरावांनी तिच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकले. ती शेवटपर्यंत ओढ्यातून वळसा घालून वावरात गेली. काट्याला हात लावला नाही. पोपटराव समोर आले की 'आप्पा' म्हणायची, तेही नजर न चुकवता.

ज्या दिवशी ती वारली, त्या सकाळीही तिनं पातीवरून बोट फिरवलं. लुगडं पांढरंच राहिलं. मागून सून पात खुडायला वाकली.

"आधी हात धू," सोजरबाई म्हणाली. "तुझ्या बोटाला चुलीची काजळी हाय."